दोघंही तीन नंबर

२ फेब्रुवारी, रविवार

पेटी आली एकदाची. व्याह्यांच्या बंद दवाखान्यात, जिथे पूर्वी गाल धरून पेशंट बसायचे त्या बाहेरच्या खोलीत, आमची आगगाडी आहे. खोलीभर टेबल, टेबलावर रूळ, एक स्टेशन, एक बोगदा. व्याही दंतवैद्य होते, मी औषधांचं दुकान चालवलं. दोघंही निवृत्त, दोघंही हट्टी. मुलांच्या लग्नात आम्हाला एकमेकांशी बोलायला विषय नव्हता, म्हणून जावयाच्या लहानपणीच्या खोक्यातलं इंजिन बाहेर काढलं. ते अजून आत गेलेलं नाही.

आतापर्यंत एका बटणाचा कारभार होता. बटण फिरवलं की रुळांत वीज, आणि रुळांवर जे असेल ते सगळं एकाच दिशेला पळणार. नव्या पद्धतीत रुळांत वीज कायम असते. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढा मेंदू बसवायचा आणि त्याला नंबर द्यायचा. पेटी रुळांतूनच हुकूम सोडते, अमुक नंबर पुढे हो, की तेवढंच इंजिन हलतं. बाकीची उभी राहतात. पेटीबरोबर हातात धरायचे दोन कंट्रोलर आलेत.

२७ एप्रिलला मुलांच्या लग्नाला सात वर्षं होतील. त्या दिवशी उद्घाटन. एक कंट्रोलर लेकीच्या हातात, दुसरा जावयाच्या. हिचं म्हणणं, दोघांचं सध्या बरं नाही. कुरबुर कुठल्या घरात नसते? एका टेबलाशी उभी राहून दोन गाड्या एकाच रुळावर सांभाळाव्या लागल्या की निम्मं भांडण तिथेच मिटेल. हे मी कुणाला बोललेलो नाही, इथे लिहून ठेवतो. काहीही होवो, २७ ला गाडी धावली पाहिजे.

५ फेब्रुवारी, बुधवार

नमनालाच घडाभर तेल. व्याह्यांनी भिंग लावून दोन्ही इंजिनांत मेंदू बसवले. हात अजून स्थिर आहे माणसाचा, ते मान्य. काळं आणि हिरवं समोरासमोर उभं केलं. मी काळ्याला पुढे व्हायला सांगितलं, तर काळंही निघालं आणि हिरवंही निघालं. मी बंद करायचं बटण शोधेपर्यंत टक्कर झाली. हिरव्याचा पुढचा, धक्का झेलायचा बफर मोडला.

कारखान्यातून येणारा प्रत्येक मेंदू तीन नंबरचा असतो, आणि तो आपण बदलायचा असतो, हे माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय. असली पत्रकं मी दुकानातून दिली असती तर गावात माणूस उरला नसता.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून "अहो" अशी हाक आली. मी "काय" म्हणालो, व्याहीही "काय" म्हणाले. ही आणि विहीणबाई जिन्यावर उभ्या राहून हसायला लागल्या. व्याही म्हणाले, "बघा, आपणही कारखान्यातून तसेच आलोय. दोघंही तीन नंबर." मला राग आलेला होता तरी हसू आलं.

लेक त्यांच्या मागेच होती. ती जावयाला सरळ नावानं हाक मारते, त्या पिढीचं बरं आहे. आज जाताना म्हणाली, "त्याला सांगा, मी निघाले." कुणाला, असं विचारणार होतो, पण बफर टेबलाखाली गेला होता.

९ फेब्रुवारी, रविवार

नंबर बदलले. काळ्याला सात नंबर दिला. हिरवंही रुळांवरच होतं, त्यानंही ते ऐकलं. आता दोघं सात नंबर. व्याही म्हणाले, "प्रगती आहे." मी कंट्रोलर आपटला नाही, खाली ठेवला. हिला विचारा, तिला खरं वाटणार नाही.

नंबर द्यायचा तर इंजिन वेगळ्या तुकड्यावर एकटं घ्यावं लागतं. संध्याकाळपर्यंत ते जमलं. काळं सात, हिरवं अकरा. तरी व्याही मला आता तीन नंबर म्हणतात. "काय तीन नंबर, चहा घेणार?" मीही त्यांना तेच म्हणतो.

२ मार्च, रविवार

पंधरा दिवस टेबलाखाली काढलेत. मान मोडली आहे.

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला इंजिन पोचलं की रडत रडत चालायचं. एवढ्या लांबवर आमच्या बारक्या तारांतून वीज पोचत नव्हती. व्याह्यांनी नाण्याची परीक्षा कुठेतरी वाचली होती. दोन्ही रुळांवर आडवं नाणं ठेवायचं. शॉर्ट झालं की पेटीनं तिथल्या तिथे वीज तोडली पाहिजे. जवळच्या टोकाला तोडली. लांबच्या टोकाला नाणं ठेवलं तर पेटीला पत्ताच नाही, तारेला मात्र जळका वास यायला लागला. म्हणजे दूरवर काय जळतंय हे मुख्य पेटीला कळतच नव्हतं.

सगळं उपटलं. जाड तार टेबलाखालून फिरवली, दर तुकड्याला तिच्यातून दोन बारीक तारा वर नेल्या, एक लाल, एक निळी. प्रत्येकीला माझ्या अक्षरात चिठ्ठी. दुकानात मी आयुष्यभर एका बाटलीची चिठ्ठी दुसरीला लावली नाही. आता कुठेही नाणं ठेवा, पेटी खटकन तोडते. व्याह्यांना त्या नाण्याचा एवढा लळा लागलाय की ते खिशातच घेऊन फिरतात.

लेक आठवडाभर राहायला आली आहे. ऑफिस इथून जवळ पडतं म्हणे. ऑफिस सात वर्षं तिथेच आहे. स्वतःची उशी घेऊन आली आणि चार खोकी, ती नेमकी माझे जादा रूळ असलेल्या कोपऱ्यात रचली. मी म्हटलं, आठवड्यासाठी एवढं सामान? ही मध्येच म्हणाली, "तुम्ही तुमच्या तारा बघा." बघतोच आहे.

१६ मार्च, रविवार

व्याह्यांच्या हट्टापायी टेबलाच्या एका टोकाला वळसा आहे. गाडी बोगद्यातून जाते, गोल फिरते आणि ज्या रुळानं गेली त्याच रुळानं उलटी घरी येते. दिसायला छान. पण तोंड फिरवून परत येताना डावा रूळ उजव्याला जाऊन मिळतो, आणि ठार शॉर्ट. व्याह्यांनी दाताचं चकतीचं यंत्र लावून वळशाच्या दोन्ही तोंडांशी रूळ कापले. खोलीत तोच जुना आवाज घुमला. माझी अक्कलदाढ काढून बरीच वर्षं झाली, तरी मी हनुवटी धरली.

कापलेल्या वळशाला वेगळी छोटी पेटी लागते. गाडी आत आली की ती आपोआप वीज उलटवते आणि गाडीला थांबावंही लागत नाही. ती बसवली.

जावई आला होता. पेशंटच्या जुन्या बाकावर बसून राहिला. मी त्याला वळसा समजावून सांगितला. त्यानं विचारलं, "अजून किती दिवस लागतील, बाबा?" मी म्हटलं, "२७ तारीख. दगडावरची रेघ." तो वडिलांकडे बघत राहिला, मग म्हणाला, "लवकर झालं तर बरं." एवढी उत्सुकता मला आवडली. व्याही मात्र म्हणाले, "घाई कसली? घाईनं दात काढला की मूळ आत राहतं." ज्या माणसानं पेटी मागवायला तीन फोन केले तो आता घाई कसली म्हणतो.

लेकीचा आठवडा संपलेला नाही.

१९ मार्च

सगळं जोडलं. खटका दाबला. शॉर्ट. पेटी क्षणभरही टिकत नाही.

२३ मार्च, रविवार

घोडं कुठे पेंड खातंय ते सापडेना. वळसा सोडवून पाहिला, शॉर्ट. स्टेशन सोडवलं, शॉर्ट. बोगद्याचा तुकडा सोडवला आणि पेटी शांत. बोगद्यावरचा खोटा डोंगर उचलला तर आत रुळांवर नाणं. व्याह्यांचं लाडकं नाणं.

मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही पेशंटच्या तोंडात कापूसही असाच विसरायचात का?" ते चष्मा पुसत म्हणाले, "परीक्षा घेतली असेन आणि राहिलं असेल." मला वाईट बोललो असं वाटलं. चहा मीच केला.

३० मार्च, रविवार

पुन्हा शॉर्ट. या वेळी स्टेशनाखालच्या तारा. लाल चिठ्ठी निळ्या तारेवर आणि निळी लालवर, आणि चिठ्ठीप्रमाणे जोडणी. ही माझी चूक नाही. ही माझी चूक असूच शकत नाही.

व्याही म्हणाले, "वय झालं आपलं." आपलं म्हणजे कुणाचं? तरी घरी येऊन माझ्या जुन्या गोळ्यांच्या डब्या तपासून पाहिल्या. सगळ्या चिठ्ठ्या बरोबर.

५ एप्रिल, शनिवार

मला आता वेगळीच भीती वाटते. व्याही विसरायला लागलेत. गेल्या आठवड्यात बोगद्यात दुसरं नाणं. काल वळशाच्या कापलेल्या फटीत चांदीच्या कागदाचा कपटा, चॉकलेटाचा. फट मिटली की वळशाला अर्थच राहत नाही. माणूस स्वतः कापलेली फट स्वतः बुजवतो आणि त्याला आठवत नाही. आमच्या दुकानात असे लोक यायचे, तीच गोळी सकाळी दोनदा न्यायचे.

हिला म्हटलं, जावयाच्या कानावर घालू का? मुलगा आहे, त्याला कळायला हवं. ही भाजी चिरत होती. म्हणाली, "ते काहीही विसरत नाहीत." मी म्हटलं, तुला काय माहीत, तू काही तिथे नसतेस. तर सुरी ठेवून आतच गेली. लेक दारात होती, तीही गेली. या घरात आगगाडीबद्दल कुणालाच आस्था नाही.

तीन आठवडे उरलेत. २७ ला ती दोघं टेबलाशी उभी राहिली नाहीत तर मग कधी राहणार? लेकीनं खोकी उघडलेलीही नाहीत. मला काहीच कळत नाही असं नाही. पण आधी शॉर्ट काढू दे.

१२ एप्रिल, शनिवार

आज न सांगता गेलो. विहीणबाईंनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. खाली गेलो. व्याही बोगद्याच्या तोंडाशी वाकलेले. हातात दात धरायचा लांब चिमटा, चिमट्यात नाणं. ते त्यांनी इतक्या जपून आत सरकवलं, जसं कुणाच्या तोंडात हिरडीला न लागता काही ठेवावं.

मी म्हटलं, "विसरलात वाटतं."

ते सरळ झाले. चिमटा हातातच होता. खोटं बोलले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं लिहितो.

"बसा," म्हणाले.

"मी उभाच बरा आहे. तारांच्या चिठ्ठ्याही तुम्हीच?"

"मीच."

"का?"

"मुलं वेगळी होतायत, व्याही. जानेवारीतच ठरलंय त्यांचं. माझ्याकडे आली होती दोघं. मीच म्हटलं, नवी पेटी यायची आहे, एवढी आगगाडी चालू होऊ द्या, मग सांगा व्याह्यांना. दोघंही हो म्हणाली. शहाणी आहेत."

"आणि मग तुम्ही ती चालूच होऊ दिली नाहीत."

"हो."

"आणखी कुणाकुणाला माहीत आहे?"

त्यांनी वर जिन्याकडे पाहिलं. म्हणजे सगळ्यांना. जिन्यावर, स्वयंपाकघरात, बाकावर बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. एकट्या मलाच नाही, आणि मी टेबलाखाली पडून चिठ्ठ्या चिकटवत होतो.

"मला वाटलं, थांबतील तर कदाचित विचार बदलेल," व्याही म्हणाले. "नाही बदलला. तरी मी नाणं घालतच राहिलो. शॉर्ट आहे तोवर तुम्ही येणार. ते मिटलं आणि मुलांचंही संपलं, की तुम्ही या घरी कशाला याल? कुठल्या नात्यानं?"

मी त्यांना बरंच बोललो. ते इथे लिहीत नाही. माझ्या लेकीला तुम्ही टांगून ठेवलंत, हे शेवटचं. आपलेच दात, आपलेच ओठ. दार आपटून आलो.

१३ एप्रिल

लेकीला विचारलं. तिच्या खोलीत खोक्यावरच बसलो.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत, बाबा."

"त्यानं काही केलं का? त्रास दिला? हात उचलला?"

"नाही हो. तो चांगला आहे. मीही चांगली आहे. एका घरात दोघांचा श्वास कोंडतो, एवढंच. तुम्हाला कारण हवं असतं. एक मोठं कारण नाही."

"मग एवढे दिवस ही खोकी..."

"मला नव्या घराची किल्ली मिळून महिना झाला. डॉक्टरबाबांना शब्द दिला होता. तुमची गाडी निघाली की मी निघणार होते." ती हसली, पण डोळे भरले होते. "तुमची गाडी निघेचना."

मला तिचा राग आला, जावयाचा आला, व्याह्यांचा आला, हिचा तर फारच आला. रात्री जेवलो नाही. सगळ्यांत जास्त राग कशाचा आला असेल तर याचा, की मी या पोरीला बांधून ठेवायला जाड तार ओढत होतो आणि तिला वाटत होतं की मी तिला सोडायची तयारी करतोय.

१८ एप्रिल

गेलो नाही. फोन आला नाही. मीही केला नाही.

२१ एप्रिल, सोमवार

सकाळी गेलो. एक शब्द बोललो नाही. डोंगर उचलला, नाणं काढून त्यांच्या हातावर ठेवलं, फटी तपासल्या, चिठ्ठ्या पाहिल्या. खटका दाबला. पेटीचा हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. तीन महिने ज्या दिव्यासाठी तडफडलो तो बघवेना.

व्याही म्हणाले, "२७ ला बोलवायचं का मग?"

"बोलवा. दोघांनाही. अडकवून ठेवलंय आपण त्यांना."

२७ एप्रिल, रविवार

सगळे आले. लेकीच्या हातात सात नंबर, जावयाच्या अकरा. मी सांगायला पुढे झालो तर हिनं माझा शर्ट मागून धरला.

सुंदर चालवली दोघांनी. एकेरी रुळावर समोरासमोर यायची वेळ आली तेव्हा लेक स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबली आणि त्याला नावानं हाक मारून म्हणाली, "तू जा आधी." फार दिवसांनी तिच्या तोंडून त्याचं नाव ऐकलं. त्याची गाडी गेली, मग लेकीची निघाली. बोगदा, वळसा, पुन्हा घर. कुठे खटका नाही. निम्मं भांडण टेबलाशी मिटेल असं मी लिहिलं होतं. भांडण नव्हतंच, मिटणार काय.

मग कंट्रोलर ठेवून त्यांनी सांगितलं. सगळ्यांना माहीत असलेलं सगळ्यांनी नव्यानं ऐकलं. विहीणबाई रडल्या. जावई माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला अर्ध्यातच उचललं आणि म्हटलं, अकरा नंबरचा दिवा जरा मंद आहे, बघून घे. तो "हो, बाबा" म्हणाला.

निघताना व्याही दारापर्यंत आले. या पुन्हा, असं ते म्हणाले नाहीत, येतो असं मी म्हणालो नाही.

४ मे, रविवार

लेकीची खोकी गेली. कोपरा रिकामा झाला. मला रूळ ठेवायला जागाच जागा.

नवरा माजी होतो, बायको माजी होते, मंत्रीसुद्धा माजी होतो. माजी व्याही हा शब्द मी कधी ऐकलेला नाही. फोनमध्ये त्यांचं नाव "व्याही डॉक्टर" असं आहे. चूक चिठ्ठी ठेवणं माझ्या स्वभावात नाही. बदलायला घेतलं, दुसरं काय लिहावं ते ठरेना, तसंच ठेवलं. ही म्हणाली, "जाऊन या ना." कुठल्या तोंडानं जाऊ? मीच तर नाणं काढून हातावर ठेवलं.

१८ मे, रविवार

दुपारी फोन वाजला. मी हात धुवत होतो. हिनं उचलला, जरा वेळ ऐकलं, आणि मग फोनवर हात ठेवून म्हणाली, "अहो, कोणीतरी तीन नंबर बोलतोय म्हणे."

मी फोन घेतला. पलीकडून आवाज आला, "शॉर्ट आहे. बोगद्याजवळ कुठेतरी. पेटी टिकतच नाही."

"नाणं काढून बघा."

"नाणं नाही. शपथ. या वेळी खरंच काहीतरी आहे. मला एकट्याला सापडायचं नाही."

साफ खोटं बोलत होते. माझ्या हातच्या तारा आहेत त्या.

मी म्हटलं, "कशाला हात लावू नका, तीन नंबर. मी निघालोच." शॉर्ट शोधायचा मल्टिमीटर हिनं आधीच पिशवीत घालून ठेवला होता.